साउथ फोर्कचं धरण आणि आपले छोटे खासगी तलाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पिट्सबर्गला राहते, शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर. घरी पाहुणे आले की दीड-दोन तासांच्या अंतरावरचं साउथ फोर्क बघायला घेऊन जाते, आणि तिथून परत येताना गाडीत जे प्रश्न सुरू होतात ते पुढे महिनोन् महिने फोनवर आणि मेसेजवर चालूच राहतात. निम्मे प्रश्न १८८९ मध्ये हे धरण फुटून खालचं जॉन्स्टाउन गाव वाहून गेलं त्याचे असतात आणि निम्मे "आमच्या मुळशीच्या प्लॉटवर छोटा तलाव आहे" या पद्धतीचे. दोन्हीची उत्तरं एकमेकांत इतकी अडकलेली आहेत की वेगळी ठेवता येईनात, म्हणून सगळं एकत्रच लिहिलंय. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर त्या प्रश्नाचा नंबर दिलाय, तिथे बघा.

१. हे साउथ फोर्क धरण नक्की कुठे होतं, आणि कोणी बांधलं?

अमेरिकेच्या पेन्सिल्वेनिया राज्याच्या पश्चिम भागात जॉन्स्टाउन नावाचं गाव आहे, तिथून साधारण २२-२३ किलोमीटर वर, डोंगरात. लिटल कोनेमॉ नदीच्या साउथ फोर्क या फाट्यावर मातीचं धरण होतं, २२ मीटर उंच आणि जवळजवळ २८४ मीटर लांब. बांधलं राज्य सरकारने, मौजमजेसाठी नाही तर कालव्यासाठी. तेव्हा माल बोटीने जायचा आणि उन्हाळ्यात कालव्याला पाणी कमी पडायचं म्हणून वर साठा करायचा होता. काम १८३० च्या दशकाच्या शेवटी निघालं, पैशाअभावी रखडलं, आणि १८५० नंतर कुठे पूर्ण झालं. तोपर्यंत रेल्वे आली होती, कालव्याची गरजच संपली.

२. सरकारी धरण होतं तर खासगी कसं झालं?

विकलं. १८५७ मध्ये कालव्याबरोबर ते पेन्सिल्वेनिया रेलरोडकडे गेलं, त्यांना धरणात काही रस नव्हता. १८६२ मध्ये खालून पाणी सोडायच्या मोरीजवळ ते एकदा फुटलंसुद्धा, पण तलाव भरलेला नव्हता म्हणून खाली फार नुकसान झालं नाही, आणि मला वाटतं त्यामुळेच लोकांच्या मनात बसलं की हे फुटलं तरी काही होत नाही. मग बरीच वर्षं तसंच पडून होतं. १८७५ मध्ये अमेरिकन संसदेच्या एका सदस्याने ते विकत घेतलं आणि तळातले बिडाचे पाईप काढून भंगारात विकले. पाच पाईप होते, प्रत्येकी दोन फूट व्यासाचे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे परत परत येणार आहे. १८७९ मध्ये बेंजामिन रफ नावाच्या माणसाने ते घेतलं आणि साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब काढला.

३. क्लब म्हणजे कोण लोक होते?

पिट्सबर्गचे अतिश्रीमंत. अँड्र्यू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक, अँड्र्यू मेलन, फिलँडर नॉक्स, सगळे मिळून साठेक मेंबर. पोलाद, कोळसा, बँका, रेल्वे सगळं यांच्या हातात. उन्हाळ्यात शहरातल्या धुरापासून लांब यायचं, बोटी चालवायच्या, मासे पकडायचे. ४७ खोल्यांचं क्लबहाऊस होतं, काठाला मोठमोठी कॉटेजेस, आणि तलाव सव्वातीन किलोमीटर लांब. आतलं पाणी हल्लीच्या मोजणीप्रमाणे साधारण १ कोटी ४५ लाख घनमीटर, म्हणजे आपल्या हिशोबात अर्धा टीएमसी. पुण्याच्या लोकांना पटकन कळेल असं सांगायचं तर खडकवासल्याच्या उपयुक्त साठ्याच्या चौथा हिस्सा, आणि तो एका अरुंद दरीच्या तोंडाशी, खालच्या गावापेक्षा १४० मीटर उंचावर टांगलेला.

४. क्लबने धरणाला असं काय केलं? सगळे म्हणतात "क्लबची चूक", पण नेमकी कोणती?

एक मोठी चूक नाही हो. लहान लहान सोयी आहेत, आणि प्रत्येक सोय एकटी बघितली तर आपणही केली असती. म्हणूनच मी हे इतक्या वेळा सांगत बसते.

पहिली गोष्ट, १८६२ चं भगदाड भरलं ते नीट इंजिनिअरच्या देखरेखीखाली थरावर थर दाबून नाही, तर माती, दगड, झाडाच्या फांद्या, पेंढा, लोक सांगतात की शेणखतसुद्धा, असं जे हाताला लागेल ते टाकून. सेंद्रिय वस्तू मातीत कुजते आणि तिथे पोकळी राहते, त्यामुळे भराव खचत जातो. आणि झालंही तसंच, धरणाचा माथा मधोमध बसला. मातीच्या धरणाचा मध्य खरं तर टोकांपेक्षा जरा उंचच ठेवतात, कारण तो बसणारच असतो आणि नदीचं जुनं पात्र तिथेच सगळ्यात खोल असतं. इथे उलटं झालं, सगळ्यात खोल जागेवर सगळ्यात सखल माथा.

दुसरी, माथ्यावरून घोडागाड्या जायच्या, दोन गाड्या समोरासमोर आल्या की अडचण व्हायची, म्हणून रुंदी वाढवायला माथा दोन-तीन फूट खाली घेतला.

तिसरी, सांडव्याच्या, म्हणजे तलावातलं जास्तीचं पाणी बाजूने वाहून जायच्या वाटेच्या, तोंडाशी जाळ्या बसवल्या. का ते प्रश्न ५ मध्ये.

चौथी, तळातले पाईप आधीच गेले होते आणि क्लबने ते परत बसवले नाहीत. म्हणजे तलाव रिकामा करायचा, निदान दोन मीटर खाली घ्यायचा म्हटलं तरी काही साधनच नाही. दुरुस्ती करायची तर पाणी उतरवावं लागतं, पाणी उतरवता येत नाही म्हणून दुरुस्ती होत नाही, आणि दुरुस्ती होत नाही म्हणून ती दरवर्षी पुढे ढकलली जाते. माझ्या मते यातलं सगळ्यात वाईट हेच.

५. मासे अडवायच्या जाळीने एवढं काय बिघडतं?

तलावात पैसे खर्चून ब्लॅक बास जातीचे मासे आणून सोडले होते, पहिली खेप १८८१ मध्ये रेल्वेने आली. ते सांडव्यावरून वाहून जाऊ नयेत म्हणून लोखंडी जाळ्या. एरवी ठीक चालतं, म्हणून कुणाला धोका वाटत नाही. पण ज्या दिवशी पूर येतो त्या दिवशी पाण्याबरोबर फांद्या, पाला, ओंडके, गवताचे गठ्ठे येतात, ते जाळीला अडकतात, आणि सांडव्याची जेव्हा सगळ्यात जास्त गरज असते नेमक्या त्याच तासाला तो तुंबतो. आपल्याकडे रिसॉर्टच्या तलावांवर सांडव्याला आडवं शेडनेट, नायलॉनची जाळी नाहीतर मोटारसायकली जाऊ नयेत म्हणून लोखंडी गज लावलेले मी स्वतः पाहिलेत. मासे अडवायचेच असतील तर जाळी सांडव्यापासून लांब, तलावाच्या आत, आणि पुरात आपोआप पडेल किंवा वर उचलता येईल अशी हवी. नाहीतर मासे जाऊ द्या.

६. वरून थोडं पाणी गेलं तर काय होतं? दगडी बंधाऱ्यावरून तर रोजच जातं.

दगडी, काँक्रीटच्या बंधाऱ्यावरून जाऊ शकतं, तो त्याच्यासाठीच बांधलेला असतो. मातीच्या धरणावरून नाही, हा फरक प्लीज लक्षात घ्या. मातीच्या भरावावरून पाणी गेलं की खालच्या उताराची माती धुपायला लागते, एक घळ पडते, घळीत पाणी एकवटतं, एकवटलं की आणखी जोरात कापतं, आणि मग हे थांबत नाही. सुरुवातीला तासभर काहीच होत नाहीये असं वाटतं आणि शेवटची दहा मिनिटं सगळं एकदम जातं.

आता माथा खाली घेण्याचा हिशोब. सांडव्यावरून जाणारं पाणी त्याच्यावरच्या खोलीच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढतं. समजा, माथ्याला पाणी टेकेपर्यंत सांडव्यावर आठ फूट खोली मिळते, आणि तुम्ही माथा तीन फूट खाली घेतला तर उरली पाच फूट. पाच भागिले आठ, त्याचा दीड घात, उत्तर येतं ०.४९. म्हणजे तीन फुटांत सांडव्याची अर्धी ताकद गेली. रस्ता रुंद झाला एवढंच दिसतं, हे नाही दिसत.

७. आधी कुणी सांगितलंच नव्हतं का?

सांगितलं होतं, लेखी. जॉन्स्टाउनमध्ये केंब्रिया आयर्न कंपनी होती, तिचे प्रमुख डॅनियल मॉरेल. त्यांनी १८८० मध्ये आपला माणूस, जॉन फुल्टन, धरण बघायला पाठवला. फुल्टनने दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या, की पाणी सोडायला पाईप नाही आणि दुरुस्ती नीट झालेली नाही, गळती आहे. रफने उत्तर पाठवलं की तुम्हाला आणि तुमच्या लोकांना आमच्या उद्योगापासून काही धोका नाही. मॉरेलने दुरुस्तीच्या खर्चात वाटा द्यायची तयारी दाखवली, तीही नाकारली गेली. शेवटी निदान आत राहून लक्ष ठेवता येईल म्हणून त्यांनी क्लबची मेंबरशिपच घेतली. १८८५ ला मॉरेल गेले, १८८७ ला रफही गेला. धरणाबद्दल ज्यांचा पत्रव्यवहार झाला ती दोन्ही माणसं धरण फुटलं तेव्हा हयात नव्हती.

८. ३१ मे १८८९ ला काय झालं?

३० तारखेच्या संध्याकाळपासून पाऊस. चोवीस तासांत त्या भागात सहा ते दहा इंच पडला असं धरतात. ३१ ला सकाळी क्लबचे अध्यक्ष एलायस उंगर उठले तर तलाव माथ्याच्या जवळ आलेला. मग मजूर लावून सांडव्याच्या जाळ्या मोकळ्या करायचा प्रयत्न, माथ्यावर नांगराने माती चढवायचा प्रयत्न, दुसऱ्या टोकाला नवा चर खणायचा प्रयत्न, सगळं एकाच वेळी, भर पावसात. दुपारी पाणी माथ्यावरून जायला लागलं आणि तीनच्या सुमारास मधला भाग गेला. पाणी दरीतून खाली निघालं, वाटेत रेल्वेच्या दगडी पुलाच्या कमानीत ओंडके आणि राडारोडा अडकून काही मिनिटं थांबलं, मागे परत तलाव झाला, आणि तो पूल फुटल्यावर पहिल्यापेक्षा जोरात सुटलं. चार वाजून सात मिनिटांनी जॉन्स्टाउन.

२,२०९ माणसं गेली. त्यात ९९ कुटुंबं अशी की मागे कुणीच उरलं नाही. दहा वर्षांपर्यंतची मुलं ३९६. सातशेहून जास्त लोकांची ओळखच पटली नाही, गावावरच्या टेकडीवरच्या ग्रँडव्ह्यू स्मशानभूमीत त्यांचे नाव नसलेले पांढरे दगड ओळीने उभे आहेत. मी तिथे प्रत्येक वेळी जाते, आणि प्रत्येक वेळी पाहुण्यांपैकी कुणीतरी दगड मोजायला लागतं आणि मधेच सोडून देतं.

गावाच्या खालच्या बाजूच्या दगडी पुलाशी घरं, डबे, झाडं, तारा असा प्रचंड ढीग अडकला आणि त्याला रात्री आग लागली. पुरातून वाचलेले ऐंशीएक लोक त्या आगीत गेले असं मानतात.

९. तासभर वेळ होता, मग लोक पळाले का नाहीत?

निरोप निघाला होता. जॉन पार्क नावाचा तरुण इंजिनिअर घोड्यावरून साउथ फोर्क गावात गेला, तारेने कळवा म्हणून सांगून आला. पण पावसाने तारा ठिकठिकाणी तुटल्या होत्या, निरोप तुकड्यातुकड्यात पोचला, आणि जिथे पोचला तिथे कुणी फारसा मनावर घेतला नाही कारण दर वसंतात कुणीतरी "धरण फुटणार" म्हणायचंच. त्यातून जॉन्स्टाउनमध्ये त्या दिवशी सकाळपासूनच नेहमीच्या पुराचं पाणी रस्त्यांवर होतं, लोक सामान घेऊन माडीवर जाऊन बसले होते. नेहमीच्या पुरात ते बरोबर होतं, पण या पाण्यापुढे माड्या टिकल्या नाहीत. ईस्ट कोनेमॉला जॉन हेस नावाच्या इंजिन ड्रायव्हरने शिट्टी बांधून ठेवली आणि ती वाजवत इंजिन उलटं पळवलं, त्याने किती जीव वाचले असतील. त्या दिवशी गावातल्या लोकांपर्यंत खरा पोचलेला इशारा तो एकच, असं मला वाटतं.

१०. क्लबला शिक्षा झाली? भरपाई मिळाली?

नाही. दावे झाले पण कोर्टातून क्लबकडून कुणाला एक पैसाही मिळाला नाही. क्लबच्या स्वतःच्या नावावर फार मालमत्ता नव्हती, मेंबर वैयक्तिक जबाबदार धरले गेले नाहीत, आणि पूर ही देवाची करणी ठरली. काही मेंबरांनी मदत दिली, क्लबने हजार ब्लँकेट्स पाठवली, कार्नेगीने वाचनालय परत बांधून दिलं, तीच इमारत आज पुराचं म्युझियम आहे. क्लारा बार्टन रेड क्रॉसची माणसं घेऊन आल्या आणि पाच महिने राहिल्या. पण मदत वेगळी आणि जबाबदारी वेगळी.

११. पाऊसच एवढा होता तर धरण कसंही फुटलंच असतं ना?

हा खरा वादाचा प्रश्न आहे. अमेरिकन सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेने तेव्हा समिती नेमली, तिचा अहवाल १८९१ मध्ये छापून आला, आणि त्यात म्हटलं की मूळ डिझाइनप्रमाणे असतं तरी वरून पाणी गेलंच असतं. बरीच वर्षं हेच शेवटचं उत्तर होतं. २०१६ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाच्या जॉन्स्टाउन कॅम्पसच्या अभ्यासकांनी जागेची नव्याने मोजणी करून गणित परत मांडलं. मूळ धरणाला एका टोकाला दुसरा, पर्यायी सांडवाही होता, तो माथा खाली घेतल्यावर निकामी झाला. तो, मूळ उंचीचा माथा आणि तळातले पाच पाईप, हे सगळं जागेवर असतं तर त्या पावसातही धरण टिकलं असतं, असा त्यांचा निष्कर्ष. मी दोन्ही वाचलं, मला दुसरं पटतं.

आपल्याकडे अस्मानी आणि सुलतानी असे दोन शब्द आहेत ना. दहा इंच पाऊस अस्मानी. माथा उतरवणं, जाळ्या लावणं, पाईप न बसवणं, फुल्टनचं पत्र बाजूला ठेवणं, हे सगळं सुलतानी. दोन्हीचं पाणी एकाच तलावात जमा झालं म्हणून हिशोब एक होत नाही.

१२. पार्कने सकाळीच मुद्दाम एका टोकाला धरण कापायला हवं होतं का?

त्याच्या मनात आलं होतं. टोकाला, जिथे उंची कमी आणि जमीन टणक, तिथे कापलं असतं तर पाणी कदाचित जरा सावकाश गेलं असतं. पण कापलेली जागा वाढत जाऊन तसाच पूर आला असता तर तो पूर पार्कने आणला असं झालं असतं, आणि धरण कदाचित टिकलंही असतं असं कुणीतरी आयुष्यभर म्हणालं असतं. तेवीसेक वर्षांचा पोरगा तो. मी त्याला दोष देत नाही. हा निर्णय त्या सकाळी घ्यायची वेळच यायला नको होती, खाली पाईप असते तर आदल्या रात्रीच व्हॉल्व्ह उघडता आला असता.

१३. हे सगळं जुनं झालं. हल्ली असं होतं का?

हो. ६ नोव्हेंबर १९७७, जॉर्जिया राज्य, टोकोआ फॉल्स. केली बार्न्स नावाचं बारा मीटरच्या आसपासचं मातीचं धरण, आधी विजेसाठी होतं, वीज बंद झाल्यावर नुसता हौसेचा तलाव म्हणून राहिलं. मध्यरात्रीनंतर फुटलं, खाली कॉलेजची वस्ती होती, ३९ जण गेले. त्यानंतरच अमेरिकेत खासगी धरणांच्या सरकारी तपासणीची मोहीम नीट सुरू झाली. १४ मार्च २००६, हवाई बेटांवरचं कालोको धरण, खासगी मालकीचं, सात जण गेले, तपासात सांडवा भरावाखाली गेल्याचं पुढे आलं. तिथे मात्र मालकाला शेवटी तुरुंगवास झाला.

१४. ताई, आमच्या ग्रुपने मावळात जमीन घेतलीय, त्यात सहा मीटरचा मातीचा बांध आणि तलाव आहे. धरण सुरक्षा कायदा आम्हाला लागू होतो का?

बहुतेक नाही, आणि म्हणूनच जास्त काळजी घ्या. भारताचा धरण सुरक्षा कायदा २०२१ चा आहे, तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटरमध्ये असेल तर आणखी एखादी अट लागते, जसं की माथ्याची लांबी ५०० मीटर किंवा जास्त, साठा १० लाख घनमीटर किंवा जास्त, पुराचा विसर्ग सेकंदाला २,००० घनमीटर किंवा जास्त, पाया फारच अवघड, किंवा डिझाइन नेहमीपेक्षा वेगळं. मालक खासगी कंपनी असली तरी सुटका नाही. साउथ फोर्क २२ मीटरचं, ते आज इथे असतं तर थेट कायद्यात बसलं असतं. तुमचा सहा मीटरचा बांध बसत नाही, म्हणजे पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तपासायला कुणी येणार नाही. ते तुम्हीच करायचं.

साधा हिशोब करून बघा. पाणलोट एक चौरस किलोमीटर असेल आणि शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर एक लाख घनमीटर पाणी होतं, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा हजार टँकर. मावळात एका दिवसात शंभर मिलिमीटर काही विशेष नाही. यातलं निम्मं मुरलं तरी उरलेलं तुमच्या सांडव्यातून जायला हवं.

१५. कायदा लागू नाही म्हणजे फुटलं तर जबाबदारीही नाही, बरोबर?

चूक. मी वकील नाही, तेव्हा सही करण्याआधी वकिलाला विचाराच, पण दोन गोष्टी सांगते. १८६८ मध्ये इंग्लंडमध्ये रायलंड्स विरुद्ध फ्लेचर हा खटला झाला, तोही एका गिरणीवाल्याच्या छोट्या खासगी तलावाचाच, पाणी शेजाऱ्याच्या खाणीत शिरलं होतं. तत्त्व असं ठरलं की धोकादायक गोष्ट स्वतःच्या जमिनीवर आणून साठवली आणि ती सुटली तर निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी भरपाई द्यायची. दुसरी १८७४ ची, आपल्याकडची. मद्रास इलाख्यात एका जमीनदाराची तळी फुटून रेल्वेचं नुकसान झालं, प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हाचं लंडनमधलं सर्वोच्च अपील न्यायालय) जमीनदाराला निष्काळजीपणाशिवाय जबाबदार धरलं नाही. कारण? ती तळी पूर्वापार शेतीच्या पाण्यासाठी होती, लोकांच्या जगण्यासाठी ती राखणं हे त्याचं कर्तव्यच होतं. आता वीकेंडच्या बोटिंगच्या तलावाला हा बचाव कसा चालेल ते तुम्हीच बघा.

१६. आमचं प्लॅस्टिक कागदाचं शेततळं आहे. हे सगळं लागू होतं?

पूर्ण जमिनीत खणलेलं असेल आणि पाणी आजूबाजूच्या जमिनीच्या खालीच राहत असेल तर फुटायचा प्रश्न नाही. तिथे धोका वेगळा आहे, कागद शेवाळाने इतका निसरडा होतो की पडलेला माणूस, पोहता येत असलं तरी, वर येऊ शकत नाही. कुंपण घाला आणि चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडून ठेवा. आजच करा. पण चारी बाजूंनी माती चढवून पाणी जमिनीच्या वर उचललेलं असेल तर तो बांधच आहे, मग १७ ते १९ वाचा.

१७. बांधाच्या खालच्या बाजूला पाणी झिरपतंय. धोका आहे का?

झिरपणारं पाणी काचेच्या ग्लासात धरा. स्वच्छ असेल, आणि तलावाची पातळी तेवढीच असताना वाढत नसेल, तर लगेच घाबरू नका, मातीच्या बांधातून थोडा पाझर असतोच. गढूळ असेल तर ते पाणी बांधातली माती घेऊन बाहेर येतंय, आत बोगदा तयार होतोय, त्याच दिवशी माणूस बोलवा आणि खालच्या लोकांना सांगा.

लोक सगळ्यात जास्त चूक इथे करतात, पाणी निघतंय तिथे बाहेरून चिकणमातीचा बोळा मारतात किंवा सिमेंट थापतात. पाण्याला वाट नाही मिळाली की दाब आत वाढतो आणि ते दुसरीकडून, जास्त जोरात निघतं. खालच्या बाजूला पाणी अडवायचं नाही, माती अडवायची. आधी रेती, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी खडी, असा गाळणीचा थर, म्हणजे पाणी येईल पण माती येणार नाही. चिकणमाती लावायची ती पाण्याच्या बाजूने.

१८. झाडं, उंदीर, खेकडे यांचं काय? तिवऱ्याला खेकड्यांमुळे धरण फुटलं म्हणाले होते.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, वीसएक माणसं वाहून गेली, आणि गावकऱ्यांनी गळतीच्या तक्रारी आधीच केल्या होत्या. खेकड्याचं कारण तेव्हा सांगितलं गेलं खरं. खेकडे, उंदीर, घुशी बिळं करतात आणि बीळ पाण्याच्या पातळीखाली असेल तर पाझराला तयार वाट मिळते, हे बरोबर आहे. पण बीळ एका रात्रीत धरण फोडत नाही, ते महिनोन् महिने दिसत असतं, बघणारा लागतो. माणसं गेल्यावर खेकड्याचं नाव ऐकलं की मला अजूनही संताप येतो.

झाडांचं थोडक्यात. बांधावर फक्त गवत हवं. रोपं लहान असतानाच उपटा. मोठं झाड झालं असेल तर नुसतं कापून बुंधा ठेवू नका, मुळं कुजून आत नळ्या तयार होतात (प्रश्न ४ मधला पेंढा आठवा). ते काम पाणी उतरवून, माहितगाराच्या हाताखालीच.

१९. सांडव्यात वाळूची पोती लावून एक-दोन फूट पाणी वाढवलं तर चालेल? उन्हाळ्यात तलाव फार उघडा पडतो.

नाही. माझ्या मामांच्या गावाला वरच्या फार्महाऊसवाल्याने हेच केलं होतं, पावसाळ्याच्या शेवटी काढू म्हणाले आणि काढलं नाही, पुढच्या जूनमध्ये रात्री दोन वाजता मामा आणि चार जण टॉर्च घेऊन पोती ओढत होते. पाणी माथ्यापासून वीतभर खाली होतं. गणित प्रश्न ६ मधलंच आहे, माथा खाली घ्या नाहीतर सांडवा वर उचला, मधली जागा तेवढीच कमी होते. जास्त पाणी हवंच असेल तर गाळ काढा, साठा खालच्या बाजूने वाढतो.

२०. आमच्या तलावाला तळाला पाईपच नाही. आता काय करू?

जुन्या बांधात आता पाईप घालायला जाऊ नका, खोदलेली जागा कधीच आधीसारखी दाबली जात नाही आणि पाण्याला पाईपच्या कडेने वाट मिळते. पहिला उपाय सायफन, माथ्यावरून घ्यायचा पाईप, वर हवा काढायला व्हॉल्व्ह, खालच्या टोकाला बंद-चालू करायला व्हॉल्व्ह. माथ्यावरच्या पाईपपासून पाणी सहा-सात मीटरपेक्षा खाली गेलं की सायफन तुटतो, पण छोट्या तलावाला तेवढं पुष्कळ होतं. पाणी उतरवायचं ते सावकाश, दिवसाला फूटभर, कारण पटकन उतरवलं तर आतल्या बाजूचा ओला उतार घसरतो. आणि तो सायफन मे महिन्यात एकदा चालवून बघा. पावसात पहिल्यांदा चालू करायला गेलात की व्हॉल्व्ह गंजलेला सापडतो.

२१. तलाव आमचा नाही, आम्ही खालच्या बाजूला प्लॉट घेतोय. काय बघावं?

पाऊस पडून गेल्यावर वर चालत जा. माथा डोळ्याने सरळ रेषेत दिसतो का, मधे बसलाय का. सांडवा कुठे आहे ते विचारा, आणि दाखवता आला नाही तर तिथेच थांबा. सांडव्यात झाडी, जाळी, पोती, पार्किंग, काँक्रीटचा गझिबो काही आहे का. तळाला पाईप आहे का, व्हॉल्व्हची चावी कुणाकडे असते, आणि तो माणूस पावसाळ्याच्या रात्री कुठे झोपतो. बांधाच्या खालच्या पायथ्याशी ओल, लव्हाळ्यासारखी पाणथळ झाडं उगवली आहेत का. मग नाल्याच्या वाटेने खाली येत तुमच्या प्लॉटपर्यंत या, आणि वाटेतल्या प्रत्येक मोरीशी थांबा, कारण पाणी तिथे अडकून परत सुटतं (प्रश्न ८). मालकाचा फोन नंबर घ्या, तुमचा त्याला द्या, आणि खालच्या आळीतल्या प्रत्येक घराचाही.

२२. साउथ फोर्कला आता बघायला काय आहे?

१९६४ पासून ते राष्ट्रीय स्मारक आहे. धरणाची दोन टोकं अजून उभी आहेत, मधे मोठी मोकळी जागा, आणि तलाव होता तिथून रेल्वे जाते. पाण्याच्या जागी आता गवत आणि झाडं, काठावरचं क्लबहाऊस सेंट मायकल गावात आहे. सकाळी धरण बघा, मग पाणी गेलं त्या दरीच्या वाटेने गाडीने खाली जॉन्स्टाउनला या, म्युझियम बघा, आणि शेवटी ग्रँडव्ह्यूला जा. लहान मुलं बरोबर असतील तर धरणाच्या उत्तर टोकावर उभं राहून त्यांना समोरच्या टोकावरच्या माणसाला हात करायला सांगा, म्हणजे मधून काय गेलं ते त्यांना कळतं.